वरच्या आळीचा मंगळवार

ऐन सफा या आमच्या गावाच्या पाणी कार्यालयात तक्रारींचा फोन माझ्याकडे आणि नकाशांचं टेबल इतिदालकडे. एकोणीस वर्षं आम्ही दोघी एकाच पंख्याखाली बसलो. पंखा तिच्याकडे वळला की तिचे कागद उडायचे, माझ्याकडे वळला की माझे. या एकोणीस वर्षांत मी तिला नमतं घेताना पाहिलं ते एकाच माणसासमोर. त्या माणसाने तिला जितकं छळलं तितकं तिच्या सासूनेही छळलं नसेल. सासू हे ऐकेल तर म्हणेल, "म्हणजे मी कमी पडले की काय?"

आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदा येतं. ज्या आळीचा जो वार असेल त्या दिवशी छपरावरच्या टाक्या भरून घ्यायच्या आणि त्यावर पुढचे सहा दिवस काढायचे. लग्नाची तारीखसुद्धा लोक पाण्याचा वार बघून धरतात. वरच्या आळीचा वार मंगळवार. गावातली ती सगळ्यात उंच वस्ती, नुसत्या पायऱ्यांची, एकोणीस घरांची. त्यातलं चौदावं घर इतिदालचं. तिथे पाणी चढवणं एकाच माणसाला जमायचं, अबू गालिबला.

अबू गालिब आमचा सगळ्यात जुना व्हॉल्व्हमन. बुटका, खांद्यांनी रुंद. कमरेइतक्या उंच लोखंडी चावीशिवाय मी त्याला कधी पाहिला नाही. जेवतानाही ती चावी भिंतीला टेकवून नजरेसमोर ठेवायचा. तो जूनअखेर निवृत्त होणार होता. आणि गावाचा नकाशा पूर्ण करण्याचं काम इतिदालकडे होतं. कुठला व्हॉल्व्ह कुठे, किती इंची, कुठल्या क्रमाने उघडायचा, किती फेरे द्यायचे, हे सगळं तिने चार वर्षं गावभर पायपीट करून लिहून काढलं होतं. वरच्या आळीचा रकाना तेवढा कोरा होता.

"तुला काय करायचंय?" मी म्हणायचे. "रकाना कोरा राहिला तर साहेबाचा राहील."

"साहेब अम्मानला राहतो, नजाह. चौदाव्या घरात मी राहते."

त्यातही दोन वर्षांपूर्वीची आठवण ताजी होती. अबू गालिबचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि तो दोन आठवडे रजेवर गेला. दोन मंगळवार वरची आळी कोरडी राहिली. तिसऱ्या सोमवारी आळीतल्या बायका रिकामे डबे घेऊन कार्यालयात आल्या आणि ते डबे त्यांनी इतिदालच्या टेबलावर मांडले. शेजारीण म्हणाली, "तुझ्या नकाशातलं पाणी यात भर."  संध्याकाळी बसमध्ये इतिदाल म्हणाली, "हा माणूस गेला की दर मंगळवारी हेच."

आमच्या कार्यालयाची एक रीत आहे. ज्याला माहीत असतं त्याला कुणी विचारत नाही. ज्याला विचारायला बरं वाटतं त्याला विचारतात. राइद नावाचा एक तरुण व्हॉल्व्हमन होता, हसतमुख, कुणालाही चहा करून देणारा. त्याला काहीही विचारा, उत्तर तयार. "हो हो, ती लाइन शाळेमागून जाते." लाइन शाळेमागून जात नसायची. पण विचारणाऱ्याला आपण अडाणी असल्यासारखं वाटायचं नाही, म्हणून सगळे राइदलाच विचारायचे. अबू गालिबला विचारलं की तो आधी पायांपासून डोक्यापर्यंत बघायचा आणि मग म्हणायचा, "एवढंही माहीत नाही?" दुसऱ्यांदा कोण विचारणार?

अबू गालिबच्या त्या शेवटच्या वर्षी मुहन्नद नावाचा नवा इंजिनियर साहेब आला. चांगला मुलगा, शर्टाला कडक इस्त्री. त्याने दर सोमवारी एक बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपला अनुभव सहकाऱ्यांना सांगायचा आणि एक फॉर्म भरायचा. पहिल्या बैठकीत राइद चाळीस मिनिटं बोलला. अबू गालिबने फॉर्म भरून दिला. इतिदालने तो मला दाखवला. 'तुमच्या कामाला कोणती विशेष गोष्ट लागते?' खाली लिहिलं होतं, 'चावी.' 'ती सहकाऱ्यांपर्यंत कशी पोचवता?' 'चावी कुणाला देत नाही.'

मी हसून हसून बेजार झाले. इतिदाल हसली नाही. तिने फॉर्म फाइलला लावला आणि पंखा बंद केला.

मग ती मंगळवारी त्याच्या गाडीतून जाऊ लागली. साहेबाची चिठ्ठी होती, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. पहिल्या मंगळवारी बेकरीसमोर गाडी थांबली. वरच्या आळीचा पहिला व्हॉल्व्ह तिथेच आहे, रस्त्यात, लोखंडी झाकणाखाली. अबू गालिब म्हणाला, "पोरी, जरा झातरचा मसाला लावलेल्या दोन रोट्या आण. सकाळपासून पोटात काही नाही." ती रोट्या घेऊन आली तेव्हा झाकण बंद होतं आणि तो चावी पुसत होता.

"काका, मला बघायचं होतं."

"काय बघायचं? रोटी गरम आहे का ते बघ."

दुसऱ्या मंगळवारी तिने घरूनच रोट्या नेल्या. तो म्हणाला, "अल्लाह तुझं भलं करो," आणि गाडीच्या बॉनेटवर बसून दोन्ही खाल्ल्या. मग सिगारेट. मग दुसरी सिगारेट. साडेनऊ वाजले, दहा वाजले. वरून बायका ओरडू लागल्या, "अबू गालिब, झोपलास की मेलास?" तो इतिदालकडे बोट दाखवून म्हणाला, "बाईसाहेबांना बघायचंय. मला कुणी बघत असलं की हात चालत नाही." सगळी आळी तिच्यावर तोंडसुख घेऊ लागली. ती शेवटी तावातावाने कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि चार मिनिटांत परत आली. नळांना हवेची सुसकारी सुरू झाली होती.

तिसऱ्या मंगळवारी ती गेलीच नाही. टेबलाशी बसून एकाच रेघेवर पट्टी ठेवून पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवत राहिली. शेवटी कागद फाटला.

"त्याचं काय घोडं मारलंय मी?" ती म्हणाली.

मला माहीत होतं, पण मी बोलले नाही. मला वाटलं, तो विसरला असेल.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. इतिदालकडे नकाशांचं टेबल तेव्हा नुकतंच आलं होतं आणि ती जुन्या कागदांवरून पहिला नकाशा काढत होती. अबू गालिबने तिला आपण होऊन सांगितलं होतं, "बेकरीसमोर एक व्हॉल्व्ह आहे. कागदावर नाही, पण आहे." ती जाऊन बघून आली. तिथे नुकतंच डांबर पडलेलं. तिने अहवालात लिहिलं, 'जागेवर व्हॉल्व्ह अस्तित्वात नाही.' तेव्हाच्या साहेबाने सगळ्यांसमोर ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, "काय रे अबू गालिब, मनातले व्हॉल्व्ह सांगतोस का आम्हाला?" सगळे हसले. मीही हसले. वर्षभर लोक त्याला हाका मारायचे, "ए मनातला व्हॉल्व्ह!" डांबर पडलं त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी त्याने एकट्याने कुदळ घेऊन ते डांबर फोडलं, झाकण बसवलं आणि कुणाला सांगितलं नाही. तीन वर्षांनी इतिदालला ते झाकण दिसलं. तिने नकाशात एक ठिपका काढला. त्याला काही म्हणाली नाही.

उपाय सुचवला तो तिच्या सासूने, हाजी फिद्दाने. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. वरच्या आळीतून ती चार वर्षांत खाली उतरलेली नाही, पण गावातली एक गोष्ट तिच्या कानाआड होत नाही.

"अगं, कार्यालयात कोण विचारतं त्याला?" ती म्हणाली. मी त्या दिवशी तिथेच द्राक्षाच्या पानांत भात भरत बसले होते. "कार्यालयात तो चावीवाला. घरी तो घरचा धनी. घरी जा. कॉफी येईल. कप समोर ठेव आणि हात लावू नकोस. तो 'घे, ज्यासाठी आलीस ते झालं' म्हणेपर्यंत ओठ लावायचा नाही."

"आत्याबाई, ते मुलगी मागायला जाणाऱ्यांचं असतं. भांडणं मिटवायला जाणाऱ्यांचं."

"मग तुझं काय वेगळं आहे? माझ्या वेळी माझे सासरे तीन तास कपाकडे बघत बसले होते. माझ्या बापाने मला दिली ती त्यांच्या पाठीची दया येऊन."

"आणि त्याने नाही म्हटलं तर?"

"न प्यालेला कप घरातून परत पाठवायचा? आपल्यात? त्याच्या सात पिढ्यांची लाज जाईल. फक्त पिऊ नकोस. एवढंसं काम आहे, तेही तुला जमणार नाही म्हणा."

ते शेवटचं वाक्य हाजी नेहमीच बोलते. दर वाक्याला मीठ लावावं तसं लावते.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही दोघी दुपारच्या नमाजानंतर अबू गालिबकडे गेलो. वाटभर इतिदाल घोकत होती. आधी तब्येत विचारायची, मग मुलांची, मग निवृत्तीचे आशीर्वाद द्यायचे, कप आला की खाली ठेवायचा आणि गप्प बसायचं. "मी बोलले तर मला चिमटा काढ," ती म्हणाली. पिण्याबद्दल काही म्हणाली नाही. ते दोघींनाही इतकं पक्कं माहीत होतं.

अबू गालिबचं घर खालच्या आळीत, अंगणात डाळिंबाचं झाड. त्याच्या बायकोने, उम्म गालिबने, आमचे गाल चारचारदा चुंबले. "किती वर्षांनी गं! नजाह, तू तर पसरलीस." मग ती कॉफी घेऊन आली, आमची कडू कॉफी, वेलदोड्याची, बिनकानाच्या इवल्या कपात जेमतेम दोन घोट. आम्ही दोघींनी कप समोरच्या तिवईवर ठेवले. अबू गालिबने ते पाहिले. उम्म गालिबनेही पाहिले आणि ती जागच्या जागी बसली.

 मला वाटलं, जमलं.

मग अबू गालिबने आपली कॉफी संपवली, रिकामा कप बोटांत धरला आणि अंगणाकडे बघत बोलायला लागला. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो कामाला लागला तेव्हाची गोष्ट सांगत होता. वरच्या आळीत तेव्हा नळच नव्हते, बायका गाढवावरून पाणी न्यायच्या. लाइन टाकणारा ठेकेदार परगावचा होता, त्याने मिळतील ते व्हॉल्व्ह बसवले आणि निघून गेला. पहिल्या मंगळवारी पाणी चढेना. "सगळे म्हणाले, उतारच चुकलाय. मी बावीस वर्षांचा. दोन दिवस त्या खड्ड्यात बसलो. आणि मग उघडला." त्याने बोटांतला कप चावीसारखा धरून फिरवला. "आणि वरून बायकांनी असा आनंदाचा कल्लोळ केला की मला वाटलं माझंच लग्न आहे."

इतिदाल पुढे झुकून ऐकत होती. पिशवीतून वही निघाली होती. चार वर्षं ज्या तोंडातून शब्द निघाला नाही ते आज भळाभळा वाहत होतं. तिच्या डोळ्यांत मला ती नव्या नोकरीतली मुलगी दिसली. "आणि मग काका?" ती म्हणाली. एका हाताने लिहिता लिहिता तिने दुसऱ्या हाताने कप उचलला, प्याली आणि सवयीने मनगट हलवून 'पुरे' अशी खूण करून रिकामा कप उम्म गालिबपुढे धरला.

मी चिमटा काढला. उशीर झाला होता.

अबू गालिब बोलायचा थांबला. त्याने तिच्या हातातल्या कपाकडे बघितलं. आधी त्यालाही खरं वाटेना. मग तो मिशीत हसला.

"प्यालीस? छान. म्हणजे नुसती भेटायलाच आली होतीस. बरं वाटलं."

"काका, नाही, मी..."

"माणसाने असंच यावं. काही मागायला न येता."

"तुला लाज नाही वाटत?" उम्म गालिब नवऱ्याला म्हणाली. "पोरगी बोलण्याच्या नादात प्याली."

"मी पाजली का?"

 परत येताना पायऱ्यांच्या तोंडाशी आल्यावर इतिदाल म्हणाली, "आत्याबाईंना काय सांगू?" काही सांगावं लागलंच नाही. हाजीने दारातूनच तिचं तोंड बघितलं आणि कपाळावर हात मारला. "प्याली! अगं, माझ्या सासऱ्यांनी तीन तास काढले!"

अबू गालिबचा निरोपसमारंभ झाला. कुनाफ्याची मिठाई आली, साहेबाने भाषण केलं, त्याला एक घड्याळ दिलं. चावी त्याने जमा केली नाही. कुणी मागितलीही नाही. भांडारात नवी होती.

पहिल्या मंगळवारी राइद गेला. दुपारपर्यंत माझा फोन खाली ठेवायला सवड नव्हती. राइद घामाने भिजून परत आला. "व्हॉल्व्ह जाम आहे. पाइप लावून जोर केला तरी हलत नाही." साहेबाने अबू गालिबला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडून आवाज आला, "साहेब, मी फॉर्म भरून दिलाय."

वरच्या आळीने टँकर मागवला, पण पायऱ्यांवर टँकरची नळी बाराव्या घरापुढे पोचत नाही. इतिदालच्या नवऱ्याने आणि मुलांनी डबे वाहिले. हाजी ओट्यावर बसून प्रत्येक डब्याला म्हणायची, "दोन घोट कॉफीच्या बदल्यात."

दुसऱ्या सोमवारी दुपारी इतिदाल टेबलाशी चहा पीत होती. पेला संपला. तिने तो बोटांत धरला, थोडा वेळ बघत राहिली आणि फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"नजाह," ती म्हणाली, "'उघडला' म्हणताना त्याने कप कुणीकडे फिरवला?"

"मला काय माहीत? मी तुझ्या कपाकडे बघत होते."

"उजवीकडे. आपण बंद करताना फिरवतो तसा." ती उभी राहिली. "अगं, तो व्हॉल्व्ह उलटा आहे. ठेकेदाराने मिळतील ते बसवले म्हणाला ना? राइद उघडतोय समजून आणखी आवळतोय."

मंगळवारी सकाळी ती स्वतः गेली. राइद बरोबर होता, मीही रजा टाकून गेले. राइदने चावी लावून उजवीकडे जोर दिला आणि ती कुरकुरत फिरली. पाइपात घरघर झाली, मग वरच्या नळांना सुसकारी. पहिल्या घरातून हाक आली, "आलं!" मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. इतिदाल पायऱ्या चढत घर मोजत होती. नऊ. दहा. अकरा.

अकराव्या घराच्या टाकीत करंगळीएवढी धार पडली. बाराव्यात नळ नुसता श्वास टाकत राहिला. आम्ही तासभर थांबलो. राइदने आणखी फिरवलं, कमी फिरवलं. अकराच्या पुढे थेंब चढला नाही.

चौदाव्या घराच्या दारात हाजी बसलेली. "अकरा घरांना दिलंस. सासूला नाही दिलंस. आळीला माहीतच होतं."

इतिदाल पायरीवर खाली बसली. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. चपलेचा पट्टा तुटला होता, ती चप्पल काढून तिने उताराखाली भिरकावून दिली. मग ती आणायला तिलाच सात पायऱ्या उतराव्या लागल्या.

शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तिने घोकलं नाही. बसली, कप आला, समोर ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. तिच्याकडे बघून मीही तशीच बसले.

अबू गालिब त्या पंधरा दिवसांत उतरला होता. दाढी वाढलेली. चावी डाळिंबाच्या झाडाला टेकवलेली होती. त्याचा फोन तिवईवर होता आणि बोलता बोलता त्याने दोनदा त्याकडे बघितलं.

"अकरापर्यंत गेलं म्हणे," तो म्हणाला.

"गेलं."

"उलटा आहे हे कुणी सांगितलं?"

"तुमच्या हाताने."

 हात उलटा करून त्याने तळव्याकडे बघितलं. "मग पुढचंही त्यालाच विचार."

कॉफी गार व्हायला लागली. शेजारी कुणाच्या तरी पोराने चेंडू भिंतीवर आपटायला सुरुवात केली. उम्म गालिब एकदा नवऱ्याकडे, एकदा कपांकडे बघत होती. अखेर ती कडाडली. "काय बाई माणूस! दोन आठवडे फोनला कान लावून बसलाय, कार्यालयातून कुणी येतंय का म्हणून. आणि आलेल्याला बसवून ठेवलंय. बोल की, काय हवंय तुला तिच्याकडून?"

"मला काय हवंय? मी मनातला माणूस. माझे व्हॉल्व्ह मनातले."

चेंडूचा आवाज थांबला. इतिदालने मांडीखालचे हात काढले. मला वाटलं, ही पुन्हा कप उचलते की काय. तिने उचलला नाही.

"ते मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं आणि मी लिहिलं, नाही. झाकण दिसलं तेव्हाही तुमच्याकडे आले नाही. नुसता ठिपका काढला. माझं चुकलं, काका."

"चौदा वर्षं," तो म्हणाला.

"चौदा."

"तो साहेब आता कुठे असतो?"

"वारला."

"हूं." त्याने बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "घे. ज्यासाठी आलीस ते झालं."

गार कॉफी विषासारखी लागते. ती एका घोटात प्याली आणि वही उघडली. पेन हातात घेतलं. "सांगा काका. बारापासून पुढे कसं चढवायचं?"

"शाळेच्या भिंतीपाशी दुसरा व्हॉल्व्ह आहे ना, खालच्या आळीचा? तो आवळायचा. मग पाण्याला वर गेल्यावाचून गत नाही."

"किती फेरे?"

"ते कसं सांगू?"

"कसं म्हणजे? तुम्ही किती देता?"

"कधी तीन. कधी साडेचार. उन्हाळ्यात वेगळं. विहिरीवरचा एक पंप बंद असला तर वेगळं. जास्त आवळलं तर खालच्या आळीत बेकरीचा पाइप फुटतो."

"काका, मला आकडा पाहिजे. रकान्यात आकडा लिहायचा आहे."

अबू गालिब खरोखरच गोंधळला. त्याचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "पोरी," तो म्हणाला, "आकडा असता तर मी त्या फॉर्मवर लिहिला नसता का? मला काय, हौस होती खोड्या काढायची?"

"होती," उम्म गालिब म्हणाली.

"थोडी होती," तो म्हणाला. "मंगळवारी येतो मी."

तो आला. घरातल्या सपाता घालून, चावी खांद्यावर. शाळेच्या भिंतीपाशी झाकण उघडलं, चावी व्हॉल्व्हला लावली आणि तिच्या वरच्या दांड्यावर कान टेकवला. डोळे मिटले. थोडं फिरवलं. पुन्हा कान. पुन्हा जरासं. मी घड्याळात बघितलं, अकरा मिनिटं गेली. वरून हाक आली, "बारा!" मग तेरा. मग हाजीचा आवाज, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा, "आलं गं बाई, आलं! कोण आहे तिथे? अबू गालिब आहे ना? मला वाटलंच, आमच्या सुनेचं काम नाही हे!"

इतिदालने ते ऐकलं न ऐकलंसं केलं. "किती फेरे झाले, काका?"

"मोजले नाहीत. ये इकडे. कान लाव."

ती रस्त्यात गुडघे टेकून बसली, डोक्यावरचा रुमाल मागे सारून तिने कान लोखंडाला लावला. पलीकडून बेकरीवाला बाहेर येऊन बघत उभा राहिला. शाळेच्या खिडकीत पोरं जमली. राइद म्हणाला, "बाई, फोनवर कुणी आहे का?" आणि पोरं फिदीफिदी हसली.

"काय ऐकू येतं?" अबू गालिबने विचारलं.

"काही नाही."

"नीट ऐक."

ती ऐकत राहिली. कपाळावरून घाम चावीवर टपकत होता. "रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येतात," ती म्हणाली. "आणि तुमचा श्वास."

अबू गालिबने समाधानाने मान हलवली. "बरोबर. मलाही पहिली दोन वर्षं काही ऐकू आलं नव्हतं."

इतिदालने मान वर करून माझ्याकडे बघितलं. गालावर चावीचा लाल वण उमटला होता. तिच्या पिशवीतून वही डोकावत होती, त्या रकान्यावर दुमडलेली. मला वाटलं, आता ही वही त्या खड्ड्यात फेकणार.

"पुढच्या मंगळवारी किती वाजता?" तिने त्याला विचारलं.

"आठ. आणि रोट्या आण," तो म्हणाला. "दोन."